सारें एकदम, कीं थोडें थोडें?

लोअर परळच्या स्टेशनांतून सकाळीं नऊच्या सुमारास बाहेर पडणारा जनसमुदाय ज्यानें पाहिला आहे, त्याला हा भाग एके काळीं गिरण्यांचा होता हें निराळें सांगावें लागत नाहीं. चिमण्यांपैकीं कांहीं अद्याप उभ्या आहेत. त्यांच्या पायथ्याशीं चात्या मात्र आतां फिरत नाहींत. १९८२ च्या जानेवारींत सुरू झालेल्या संपानंतर एकेक गिरणी मंदावत गेली, आणि पुढें त्यांच्या आवारांत दुकानें व कचेऱ्या आल्या. कमला मिल, फीनिक्स मिल हीं नांवें राहिलीं, माल बदलला. या कचेऱ्यांपैकीं पुष्कळांतून जो माल निघतो तो गांठींत बांधतां येत नाहीं, कीं हातांत धरून त्याचा पोत पाहतां येत नाहीं. संगणकानें काय करावें, कोणत्या क्रमानें करावें, याविषयींच्या आज्ञांची ती मालिका असते. तिला सॉफ्टवेअर म्हणतात. मराठींत आज्ञावली हा शब्द आहे. बँकेंतील शिल्लक, रेल्वेचें आरक्षण, विजेचें बिल, मुलांचा निकाल, अशा रीतीनें मध्यमवर्गीय घराचें बरेंचसें सुखदुःख आज या अदृश्य मालावर अवलंबून असतें. म्हणून तो माल तयार कसा करावा हा वाद केवळ त्या धंद्यांतील लोकांचा घरगुती वाद समजून सोडून देतां येत नाहीं.

गिरणींत कापसाचें कापड होण्याचा क्रम ठरलेला होता. गांठ फोडावयाची, कापूस पिंजावयाचा, त्याचा पेळू, मग सूत, मग ताणा, ताण्याला खळ, मग माग, आणि शेवटीं घडी व शिक्का. सुताच्या आधीं माग चालवितां येत नसे, आणि विणून झालेल्या कापडाचा पुन्हां कापूस करतां येत नसे. आज्ञावली लिहिण्याचा धंदा जेव्हां वाढीला लागला तेव्हां त्यानेंही असाच क्रम आपलासा केला, यांत नवल नाहीं. आधीं गिऱ्हाइकाला काय पाहिजे याची संपूर्ण यादी, तिच्यावर सही, मग आराखडा, मग लेखन, मग तपासणी, आणि अखेरीस माल सुपूर्द. एक पायरी पुरी झाल्याखेरीज दुसरीवर पाय ठेवावयाचा नाहीं, आणि उतरलेली पायरी पुन्हां चढावयाची नाहीं. पाणी खालीं जातें, वर येत नाहीं, म्हणून या पद्धतीला पुढें धबधबा असें नांव पडलें.

या धबधब्याची एक गंमत सांगण्याजोगी आहे. ज्या लेखांतील आकृतीवरून ही पद्धत प्रसिद्धीस आली, तो लेख विन्स्टन रॉइस या अमेरिकन अभियंत्यानें १९७० सालीं लिहिला. पायऱ्यापायऱ्यांची ती आकृति त्यानें काढली खरी. पण लगेच पुढें, केवळ अशा रीतीनें काम करणें धोक्याचें आहे, कारण चुका अगदी शेवटीं तपासणीच्या वेळीं उघडकीस येतात, तेव्हां शक्य तर सारें काम दोनदां करावें, असेंही त्यानें बजाविलें. लोकांनीं आकृति उचलली आणि मजकूर वाचावयाचा राहिला. हा दोष शाळेंतील मुलांपुरताच असतो असें नाहीं.

दुसरी पद्धत याच्या उलट. संपूर्ण यादी होईपर्यंत थांबावयाचें नाहीं. कामाचा एक लहानसा, पण स्वतःच्या पायांवर उभा राहणारा भाग निवडावयाचा, तो पुरता करून वापरणाराच्या हातीं द्यावयाचा, तो काय म्हणतो तें ऐकावयाचें, आणि मग पुढचा भाग हातीं घ्यावयाचा. येथें 'पुरता' हा शब्द महत्त्वाचा आहे. अर्धवट बेतलेले दहा सदरे म्हणजे ही पद्धत नव्हे. शिवून, गुंड्या लावून अंगांत घालतां येणारा एक सदरा म्हणजे ही पद्धत. २००१ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील यूटा राज्यांत १७ जाणकारांनीं एकत्र बसून या विचारसरणीचा छोटासा जाहीरनामा काढला, आणि तेव्हांपासून तिचा बोलबाला झाला. कल्पना मात्र त्याहून बरीच जुनी आहे.

दोहोंतील फरक व्याख्येनें कळत नाहीं. लालबागच्या मसाला बाजारांत तो चटकन कळेल. समजा, तेथील एका दुकानदारानें बिलें करण्यासाठीं आज्ञावली करून घेण्याचें मनांत आणलें. लोअर परळच्या कचेरींतून एक तरुण वही घेऊन आला. दुकानदारानें सांगितलें, "मिरचीचे हे इतके प्रकार, धणे, खसखस, दगडफूल, प्रत्येकाचा भाव निराळा. वजन घातलें कीं रक्कम आली पाहिजे." तरुणानें यादी केली, दुकानदारानें तिच्यावर सही केली. सहा महिन्यांनीं, ऐन चैत्रांत, यादीबरहुकूम आज्ञावली आली. पहिल्याच सकाळीं गिरगांवाहून एक बाई आल्या. मिरची त्यांना या दुकानांतील पाहिजे, पण गरम मसाला त्यांनीं घरून आणलेला. तो भाजून पाहिजे, आणि सारें मिळून डंखावर कुटून पाहिजे. भाजणावळ आली, कुटणावळ आली, कुटतांना होणारी घट आली. आज्ञावलींत यांपैकीं कशालाच जागा नाहीं. "शेठ, हें तुम्हीं सांगितलें नव्हतें," असें तरुण म्हणणार, "अरे, हें काय सांगावयाचें असतें? सगळ्या बाजाराला ठाऊक आहे!" असें शेठ म्हणणार, आणि दोघेही खरेंच बोलत असणार. त्याच तरुणानें मार्गशीर्षांत नुसतें मिरचीचें बिल होईल एवढाच भाग आणून दिला असता, तर भाजणावळीची गोष्ट आठ दिवसांत निघाली असती आणि चैत्राच्या गर्दीपूर्वीं तिची सोय झाली असती.

मनुष्य आपल्या कामांतील जें अगदी नित्याचें असतें तेंच सांगावयास विसरतो. कापडाच्या बाबतींत ही अडचण फारशी नव्हती. धोतरजोडी म्हणजे काय हें गिऱ्हाइकालाही ठाऊक होतें आणि गिरणीलाही. शिवाय लाखावा वार पहिल्या वारासारखाच विणावयाचा होता. आज्ञावलीचें तसें नाहीं. एकदां तयार झालेल्या आज्ञावलीची नक्कल करावयास कांहींच श्रम पडत नाहींत. म्हणून तीच आज्ञावली पुन्हां कोणी लिहीत बसत नाहीं. त्या कचेऱ्यांत रोज जें काम चालतें तें सारें पहिल्या वाराचें, नमुन्याचें काम असतें. गिरणीशीं तुलना करावयाचीच तर ती मागाशीं न करतां नवा नमुना बसविणाऱ्या कारागिराशीं केली पाहिजे. आणि तो कारागीर हातभर तुकडा विणून, उजेडांत धरून पाहिल्याखेरीज पुढें जात नाहीं.

मुंबईंतील दोन मोठीं कामें या दृष्टीनें शेजारीं ठेवून पाहण्यासारखीं आहेत. पहिलें खुद्द लोअर परळशीं निगडित आहे. कमला मिलच्या आवारांत नॅशनल सिक्युरिटीज डिपॉझिटरी या संस्थेची कचेरी पुष्कळ वर्षें होती. १९९६ पूर्वीं शेअर म्हणजे कागद. ज्या घरांत आजोबांच्या ट्रंकेंत दोऱ्यानें बांधलेलीं शेअर सर्टिफिकिटें होतीं, त्या घरांना त्या कागदांची कटकट आठवत असेल. शेअर विकला म्हणजे सर्टिफिकिटाला हस्तांतराचा फॉर्म जोडावयाचा. तो दलालामार्फत खरेदीदाराकडे जाणार, तेथून कंपनीकडे. सही मूळ सहीशीं जुळली नाहीं कीं कागद परत. म्हाताऱ्या माणसाचा हात थरथरला, एवढ्यावरून त्याचा स्वतःचा शेअर त्याला विकतां येऊं नये, असेही प्रसंग येत. टपालांत गहाळ झालेले कागद निराळे, आणि बनावट कागद निराळे. १९९६ सालीं डिपॉझिटरी कायदा झाला आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत ही संस्था कामाला लागली. कागद रद्द करावयाचा आणि त्याऐवजीं खात्यांत आंकडा ठेवावयाचा, हें तिचें काम.

सर्व कंपन्यांचे सर्व कागद अमक्या तारखेपासून रद्द, असा हुकूम काढतां आला असता. तसें झालें नाहीं. कागद ठेवावा कीं खातें उघडावें याची निवड कायद्यानें भागधारकाकडे ठेविली. मग १९९८ च्या जानेवारींत सक्ति आली, ती अवघ्या ८ कंपन्यांच्या शेअरांना, आणि तीही मोठ्या वित्तसंस्थांपुरती. ज्यांच्यापाशीं कारकून आहेत, यंत्रें आहेत, चूक झाली तर ती हुडकून काढावयास माणसें आहेत, त्यांनीं आधीं ठेंच खावी असा हा हिशेब. वर्षभरानें, १९९९ च्या जानेवारींत, १२ कंपन्यांच्या बाबतींत ती सर्वांना लागू झाली. पुढें यादी वाढत गेली. लहान भागधारकाला हातचे थोडे कागद विकतां यावेत म्हणून एक निराळी खिडकीही ठेविली होती. बाजारांत नोंदलेल्या कंपन्यांच्या कागदी शेअरांचें हस्तांतर पुरतें बंद झालें तें २०१९ च्या एप्रिलांत. म्हणजे सुमारें २२ वर्षें जुनी पायवाट नव्या रस्त्याशेजारीं कमीअधिक उघडी होती.

याला किंमत पडली नाहीं असें नव्हे. दोन पद्धती शेजारीं चालवावयाच्या म्हणजे हिशेब दुहेरी, माणसें दुहेरी, नियम दुहेरी. थोड्याथोड्याचे पुरस्कर्ते ही किंमत सांगतांना जरा हलक्या आवाजांत बोलतात.

दुसरें काम मुंबई विद्यापीठाचें. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासावयाच्या असें विद्यापीठानें ठरविलें. हेतु चांगला होता. गठ्ठे वाहून न्यावयास नकोत, बेरजेंत चूक व्हावयास नको, निकाल लौकर लागावा. उत्तरपत्रिका यंत्रानें टिपून घ्यावयाच्या आणि प्राध्यापकांनीं त्या पडद्यावर वाचून गुण भरावयाचे, अशी ही योजना. पण ४७७ परीक्षा, सुमारें १७ लाख उत्तरपत्रिका, सर्व विद्याशाखा, आणि सारें एकाच हंगामांत! बाहेरच्या कंपनीकडे काम सोंपविलें गेलें तेव्हां परीक्षांचा हंगाम सुरूही झाला होता. पुढें जें झालें तें पुष्कळ घरांनीं भोगलें आहे. उत्तरपत्रिका वेळेवर टिपून होईनात. प्राध्यापकांना आंत प्रवेश मिळेना. मुख्य उत्तरपत्रिका एकीकडे तर पुरवणी दुसरीकडे. निकाल ४५ दिवसांत लागावा असा नियम. कुलपति या नात्यानें राज्यपालांनीं ३१ जुलै ही मुदत घालून दिली, ती टळली. निकाल पुरते लागावयास सप्टेंबर उजाडला, आणि ऑक्टोबरांत कुलगुरूंना पदावरून दूर करण्यांत आलें. परंतु कुलगुरूंचें पद जाणें ही त्यांतली मोठी गोष्ट नव्हे. परगांवच्या विद्यापीठांत जागा मिळालेला मुलगा गुणपत्रिकेवांचून घरीं बसून राहतो, किंवा नोकरीचें पत्र हातीं असलेली मुलगी रुजू होण्याची तारीख आठवड्याआठवड्यानें पुढें मागून घेते, तेव्हां त्या घरांत रोज संध्याकाळीं काय बोलणें होत असेल याची कल्पना केलेली बरी.

येथें लक्षांत घेण्याजोगें असें कीं, पडद्यावर तपासण्याची रीत विद्यापीठानें पुढें टाकून दिली नाहीं. ती चालूच राहिली. तेव्हां मूळ कल्पना वाईट होती असें म्हणतां येत नाहीं. एखाद्या लहान शाखेचे दोनचार विषय घेऊन एक सत्र काम केलें असतें, तर पुरवणीचा घोटाळा पहिल्या शंभर उत्तरपत्रिकांत दिसला असता, आणि त्या शंभर उत्तरपत्रिका चार प्राध्यापकांनीं एका दुपारीं जुन्या रीतीनें हातानें तपासून टाकल्या असत्या. तो घोटाळा लाखांत दिसला. आणि तेव्हां कागदावर परत यावें म्हटलें तरी दिवस उरले नव्हते. शेअरांच्या कामांतही चुका झाल्या नसतील असें नाहीं. पण तेथें चूक झालीच तर ती ८ कंपन्यांत झाली असती आणि शेजारची पायवाट उघडी होती. निवड करणारानें स्वतःला पहिल्यानें विचारावयाचा प्रश्न म्हणून हाच आहे: आपण चुकलों आहोंत हें आपल्याला केव्हां कळेल, आणि कळल्यावर मागें फिरावयास काय पडेल?

मग शहाणीं माणसें सारें एकदम करावयास कां धजतात? विद्यापीठाच्या बाजूनें एक गोष्ट बोलतां येईल. कांहीं मुलांची तपासणी पडद्यावर आणि कांहींची कागदावर, हा अन्याय नव्हे काय, असें कोणी विचारलें असतें तर त्याला झटकन उत्तर देणें सोपें नव्हतें. दुसरें कारण निविदा. सार्वजनिक कामांत आधीं निविदा काढावी लागते. तिच्यांत काय पाहिजे, किती दिवसांत पाहिजे, हें लिहावें लागतें. "थोडें करून पाहूं, मग पुढचें ठरवूं," असें टिपण हिशेबतपासनिसापुढें ठेवावयास कोणता अधिकारी तयार होईल? यादी अपुरी असली तरी ती यादी असते, तिच्यावर सही असते, आणि सहीच्या कागदाआड उभें राहतां येतें. तरीही सरकारी कामांत हें जमतच नाहीं असें नाहीं. रेल्वेनें संगणकावरील आरक्षण १९८५ सालीं दिल्लींत आरंभिलें, मग तें मुंबई, कलकत्ता, मद्रास येथें नेलें, आणि देशभरचीं केंद्रें एकमेकांस जोडण्याचें काम १९९९ मध्यें पुरें केलें.

थोडें थोडें असें ठरलें तरी आरंभ कोठून, हा प्रश्न उरतोच. आणि त्याचें उत्तर दर वेळीं एक नसतें. शेअर विकल्यावर दोन दिवसांनीं होणारी देवघेव एका दिवसांत व्हावी, हा बदल २०२२ च्या फेब्रुवारींत सुरू झाला, तो बाजारमूल्याच्या क्रमानें अगदी तळाच्या १०० कंपन्यांपासून. पुढें दर महिन्याला आणखी ५०० कंपन्या घेत गेले, आणि सर्वांत मोठ्या कंपन्यांची पाळी अखेरीस, २०२३ च्या जानेवारींत, आली. १९९८ सालीं आरंभ बड्या संस्थांपासून, २०२२ सालीं लहान कंपन्यांपासून. वरवर पाहतां हें उलटसुलट दिसतें. पण पहिल्या खेपेस सामान्य माणूस खात्याला नवखा होता, म्हणून जाणत्यांना पुढें केलें; दुसऱ्या खेपेस खातें सर्वांच्या अंगवळणीं पडलें होतें आणि भीति होती ती मोठ्या रकमांची. दोन्ही वेळां पहिली ठेंच जेथें कमी लागेल तेथून चालावयास सुरुवात झाली.

तथापि थोड्याथोड्याचा मंत्र सर्वत्र म्हणतां येत नाहीं. एकाच्या खात्यांतून शंभर शेअर वजा झाले आणि दुसऱ्याच्या खात्यांत जमा व्हावयाचें काम पुढच्या महिन्यावर ठेविलें, असा टप्पा करतां येत नाहीं. वजा आणि जमा मिळून एकच क्रिया होते. मध्येंच वीज गेली तरी ती अर्धी राहतां कामा नये. असल्या खतावणीची घडण आधींच, शांतपणें, कागदावर पुरता विचार करून ठरविली पाहिजे. तें न करतां नुसती भर घालीत गेलें म्हणजे काय होतें, हें चाळींत राहिलेल्या माणसाला दुसऱ्यानें शिकवावयास नको. दहा बाय बाराची खोली. थोरल्याचें लग्न झालें, पोटमाळा घातला. गांवाहून भाऊ आला, गॅलरीचा तुकडा पत्रे लावून आंत घेतला. मग मोरी वाढविली, मग पाण्याचें पिंप वर चढविलें. प्रत्येक भर त्या त्या वेळीं शहाणपणाचीच होती. पण तुळईला हें सारें पेलेल काय, हें मधल्या तीस वर्षांत कोणीं विचारलें नाहीं. लोअर परळच्या नव्या कचेऱ्यांतही असले पोटमाळे कमी नसतील, आणि त्यांनाही टप्प्याटप्प्याचें काम असेंच म्हणत असतील.

खुद्द त्या कचेऱ्यांच्या दारांत दोन्ही पद्धतींचा एकत्र दाखला आहे. लोअर परळचा रेल्वेवरील पूल, जुन्या माणसांचा डिलाईल रोडचा पूल, धोकादायक ठरल्यामुळें २०१८ च्या जुलैमध्यें बंद करण्यांत आला. रुळांवरचा भाग पश्चिम रेल्वेनें बांधावयाचा आणि दोन्ही बाजूंचे चढ महानगरपालिकेनें, अशी वांटणी होती. रुळांवरील तुळया अर्ध्याच टाकून, कसें काय वाटतें, असें पादचाऱ्यांना विचारतां येत नाहीं. तेथें गणित आधीं, मंजुरी आधीं, पोलाद मागून. तें काम क्रमानेंच झालें, आणि त्याला फार दिवस लागले. पाच वर्षें स्टेशनच्या पूर्वेकडून पश्चिमेकडे जावयाचें म्हणजे गाडीला लांबचा वळसा होता. परंतु तुळया बसल्यावर सर्व चढउतार पुरे होईपर्यंत पूल अडवून ठेवण्याचें कारण उरलें नव्हतें. २०२३ च्या जूनमध्यें एक बाजू खुली झाली, गणेशोत्सवाच्या तोंडावर आणखी एक, आणि उरलेली नोव्हेंबरांत. मधल्या पांच महिन्यांत एका अंगाला डांबर पडत होतें आणि दुसऱ्या अंगानें गाड्या जात होत्या.